बहार धरण्यापूर्वी

पांढुर्णा-सौंसर भागातला संत्र्याचा बागवान झाडाला मन मानेल तेव्हा फळू देत नाही. आंबिया घ्यायचा की मृग, हे आधी ठरते. पाणी तोडून झाडास ताण दिला जातो, खत-मशागत होते आणि मगच बहार धरला जातो. अशक्त झाडावर बहार धरू नये, हे इथल्या पोरासोरांसही ठाऊक. हे शहाणपण आम्ही बागेतून घरात मात्र कधी आणले नाही.

आमच्या एका पुतणीस लग्नापूर्वीच मधुमेह जडला होता. सोयरीक मोडेल या धास्तीने आम्ही वडीलधाऱ्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली. २०१५ च्या पोळ्याला ती माहेरी आली, तेव्हा 'गोड बातमी कधी?' असे विचारणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. पुढे दिवस राहिले. सासरी रक्त तपासायचे तर गुपित फुटले असते, म्हणून साखर तपासलीच गेली नव्हती. तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. तिने एवढेच विचारले, "काका, मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

सांगण्यासारखे पुष्कळ होते. गर्भाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा यांची घडण पहिल्या सात-आठ आठवड्यांतच होते. पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो ती सुरूही झालेली असते. त्या काळात साखर चढलेली असेल तर गर्भपाताचा व जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो. म्हणून मागल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी शक्यतो ६.५ टक्क्यांच्या आत यावी, डोळे व मूत्रपिंडे तपासावीत, फॉलिक ॲसिड सुरू करावे. रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची काही औषधेही डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागतात. तोवर गर्भनिरोधक साधन हवेच. तांबीने साखर वाढत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या मात्र मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे वा रक्तवाहिन्या बिघडल्या असल्यास टाळतात.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पहिल्याने मधुमेही स्त्रीस आयुष्य दिले, दुसऱ्याने वेळ ठरविण्याची वाट दाखविली. कर्व्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. आपल्या घरांतून इन्सुलिन शिरले, कर्वे मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले. संततिनियमन म्हणजे मूल नको म्हणणे, हा आमचाही समज होता. मूल धड जन्मावे म्हणूनच ते असते, हे त्या घटनेने शिकविले.

पुतणीने सासरी सारे सांगितले. सोयरीक मोडली नाही. सासूच तिला नागपूरला तपासणीस नेऊ लागली. तांबी बसविली, साखर आटोक्यात आली, मग दोघांनी निर्णय घेतला. २०१८ साली मुलगी झाली.

झाडाचा बहार बागवान ठरवतो. स्त्रीचा तिने ठरवावा. नव्या सुनेस गोड बातमी विचारायची नाही, हा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे. साखर तपासली का, एवढे मात्र विचारतो, आणि तेही घरच्या मंडळींमार्फत.