जमेच्या बाजूची खोटी नोंद

मूत्राशयाच्या कर्करोगावरील माझ्या शस्त्रक्रियेस यंदाच्या आषाढात पाच वर्षे पूर्ण झाली. भेटणारे आप्तेष्ट आपुलकीने विचारतात, "शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आता पूर्ण बरे ना?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही हे सांगावे आणि त्यासोबत स्वतःची एक चूकही कबूल करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

एके दिवशी सकाळी लघवी लालसर झाली. वेदना मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी रंग पूर्ववत झाला आणि मी ती गोष्ट मनाआड केली. तीन महिन्यांनी पुन्हा तसेच घडले, तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. वेदनारहित रक्तस्राव हेच या रोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण असते आणि तो आपोआप थांबतो म्हणूनच माणूस फसतो, असे त्यांनी सांगितले. दुर्बिणीतून तपासणी झाली, गाठ दिसली, आणि दुर्बिणीद्वारेच ती खरवडून काढण्यात आली.

पुढे रोगाची वाटचाल कशी होईल हे पॅथॉलॉजीच्या अहवालावर अवलंबून होते. बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी हयात गेली. त्याच सवयीने मी तो कागद ओळ न् ओळ वाचला आणि डॉक्टरांना शंका विचारल्या. त्यांनी शांतपणे समजावून दिले. पहिली गोष्ट खोलीची. गाठ केवळ आतील अस्तरापुरती आहे, त्याखालच्या थरात उतरली आहे, की स्नायूपर्यंत पोहोचली आहे? स्नायूत शिरली असेल तर बहुधा मूत्राशयच काढावे लागते. दुसरी गोष्ट पेशींच्या स्वभावाची. सौम्य पेशींची गाठ पुन्हा उगवली तरी सहसा खोल जात नाही, उग्र पेशींचा भरवसा नसतो. गाठी किती होत्या, मोठी गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक होती का, अस्तरावर उग्र पेशींचे सपाट चट्टे आहेत का, रोग प्रथमच झाला की उलटला, हे सर्व हिशेबात धरतात. ज्यांचे मूत्राशय, किंवा मूत्रपिंड व मूत्रवाहिनी काढावी लागते, त्यांच्या बाबतीत लसिकाग्रंथींपर्यंत रोग गेला का आणि कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, हेही पाहिले जाते.

माझी गाठ अस्तराखालच्या थरात उतरलेली आणि उग्र प्रकारची होती. अशा वेळी काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडून पाहतात, कारण पहिल्या खेपेस थोडा अंश मागे राहण्याचा संभव असतो. तेही झाले, स्नायू सुरक्षित निघाला. त्यानंतर बीसीजीचे उपचार ठरले. क्षयरोगासाठी बालकांना टोचतात तीच ही लस. ती नळीने मूत्राशयात सोडली की शरीराची प्रतिकारशक्ती तेथे जागी होते. कॅनडातील डॉ. आल्व्हारो मोरालेस यांनी 1976 साली हा उपचार प्रथम प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे.

हे सर्व सांगून झाल्यावर माझा केसपेपर चाळीत डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हाला कसलेही व्यसन नाही, ही तुमची जमेची बाजू आहे."

ती नोंद खोटी होती.

पहिल्या भेटीत पत्नी शेजारी बसली असताना "धूम्रपान?" या प्रश्नाला मी "कधीच नाही" असे उत्तर दिले होते. वास्तविक 1985 साली परगावच्या शाखेत एकटा राहत असताना लागलेली सिगारेट निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दिवसाला तीन-चार, बहुधा पहाटेच्या फेरफटक्यात. मंदिराच्या विश्वस्त मंडळावरील गृहस्थ धूम्रपान करतो हे कोणाला कळू नये, याचीच मला चिंता होती. शस्त्रक्रियेनंतरही मी ती सोडली नव्हती. तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडांतून गाळली जातात आणि लघवीवाटे तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला भिडून राहतात. म्हणजे एकीकडे डॉक्टर ते अस्तर स्वच्छ करीत होते आणि दुसरीकडे मी त्यावर रोज तेच विष सोडत होतो. शाखा तपासणीत अशी बनावट नोंद सापडली असती, तर मी संबंधितास निलंबित करण्याची शिफारस केली असती.

बीसीजीचे उपचार चालू असतानाच दशलक्षण पर्व आले. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मन, वचन आणि कृती यांत वक्रता नसणे म्हणजे आर्जव, हे आजवर कित्येक प्रवचनांत ऐकले होते. त्या दिवशी मात्र ऐकवेना. घरी येऊन पत्नीला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, माझ्यापासून लपवलंत त्याचं आपण नंतर पाहू. आधी डॉक्टरांना सांगा."

डॉक्टरांनी रागावण्याऐवजी जुनी ओळ खोडून नवी लिहिली. एवढेच म्हणाले, "गाठीची खोली आणि पेशींचा प्रकार आता तुमच्या हाती नाही. सिगारेट सोडणे, औषध पूर्ण घेणे आणि तपासणीची तारीख न चुकवणे, हे आहे."

आपल्या धर्मातही हाच विवेक आहे. उदयास आलेले कर्म भोगावे लागते, परंतु नव्या कर्माचा आस्रव रोखणे, म्हणजे संवर, हा पुरुषार्थ आपलाच असतो. त्या वर्षी मी उपवास केले नाहीत. त्याग केला तो सिगारेटचा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा माझा नियम आहे. डॉक्टरांनी औषधाची वेळ सकाळची ठेवली. ते दोन तास धरून ठेवायचे आणि नंतर दिवसभरात भरपूर पाणी प्यायचे.

सिगारेट सुटली म्हणून रोग लगेच हार मानून गेला, असे मात्र घडले नाही. नऊ महिन्यांनंतरच्या दुर्बीण तपासणीत एक लहान गाठ पुन्हा दिसली. ती वरवरची व सौम्य होती, वेळेवर दिसली म्हणून सहज निघाली. त्यानंतर आजतागायत तपासण्या स्वच्छ आहेत. प्रथम दर तीन महिन्यांनी असलेली तपासणी आता वर्षावर आली आहे आणि ती आयुष्यभर चालू राहील. मूत्रपिंड व मूत्रवाहिनीचे अस्तरही त्याच जातीचे असल्याने अधूनमधून सीटी स्कॅनही होतो.

म्हणून "पूर्ण बरे ना?" या प्रश्नाला मी आता "आज बरा आहे, पुढची तारीख ठरलेली आहे" असे उत्तर देतो.

वाचकांना एवढीच विनंती आहे की, लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी ते थांबले म्हणून गप्प बसू नका. आणि डॉक्टरांसमोर आपल्या प्रतिष्ठेची नव्हे, आपल्या शरीराची खरी नोंद ठेवा. पत्नीची क्षमा मी त्याच वर्षीच्या क्षमावाणीला मागितली. समाजबांधवांची राहिली होती, ती आज या लेखातून मागतो. जय जिनेंद्र.