‘रूथलेस’मधला ‘रूथ’

मिल्टनची ‘लिसिडस’ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: ही रूथ कोण? प्रश्न स्वाभाविक आहे. कीट्सच्या १८१९ मधील ‘ओड टु अ नाइटिंगेल’मध्ये विद्यार्थ्यांना रूथ भेटलेली असते. ती बायबलमधील परक्या शेतात उभी असलेली स्त्री, आणि तिचे नाव हिब्रू. मिल्टनचा ‘रूथ’ मात्र कोणा व्यक्तीचे नाव नव्हे. केंब्रिजमधील त्याचा सहाध्यायी एडवर्ड किंग १६३७ साली आयरिश समुद्रात बुडाला. त्याच्यावरील या विलापिकेत ‘रूथ’ हे भाववाचक नाम आहे, आणि ‘यूथ’ या शब्दाशी त्याचे यमक जुळवलेले आहे. कोशात त्याचा अर्थ दया, करुणा असा मिळतो. विद्यार्थी तो समासात लिहून घेतात आणि पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते.

‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’, ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, ‘स्लो’पासून ‘स्लॉथ’, तसाच ‘रू’पासून ‘रूथ’. ‘रू’ म्हणजे पस्तावणे, एखाद्या गोष्टीचे दुःख वाटत राहणे. जर्मन भाषेत याच कुळातला ‘रॉयं’ हा शब्द आजही पश्चात्तापासाठी वापरला जातो. म्हणजे ‘रूथ’मध्ये दोन भावना एकत्र नांदत होत्या: दुसऱ्याच्या दुःखाने होणारी कालवाकालव आणि स्वतःच्या कृतीविषयीची खंत. चॉसरच्या चौदाव्या शतकातील काव्यात हा शब्द विपुल आढळतो. पण तोवर फ्रेंचमधून आलेले ‘मर्सी’ आणि ‘पिटी’ इंग्रजीत स्थिरावत होते, मागोमाग ‘कम्पॅशन’ही रुळला. ‘रूथ’ हळूहळू बोलण्यातून गेला आणि कवितेत तेवढा रेंगाळला. ‘रूथलेस’ मात्र आजही व्यापारापासून क्रिकेटपर्यंत सर्वत्र, कधी कधी तर कौतुकानेही, वापरला जातो.

यावरून ‘इंग्रजांची करुणा संपली, क्रौर्य उरले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. शब्द जातो तेव्हा त्याची भावनाही जाते असे नाही. पुष्कळदा तिला दुसरा शब्द मिळालेला असतो. शिवाय हा न्याय लावायचा तर आपणही सुटणार नाही. ‘निर्घृण’ हा शब्द पाहा. आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत कोशात ‘घृणा’ या शब्दाखाली दया, अनुकंपा हा अर्थ मिळतो आणि किळस, तिटकारा हाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील ज्या आक्षेपांचा परिहार केला आहे, त्यांत ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ हे दोन आहेत. एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल, असा तो आक्षेप. मराठीत ‘घृणा’ केवळ तिटकाऱ्यापुरती उरली. तिच्यातली दया ‘निर्घृण’ या नकारातच जिवंत राहिली, जशी ‘रूथ’ ‘रूथलेस’मध्ये. त्यामुळे आजच्या अर्थाने फोड केली तर ‘निर्घृण’ म्हणजे ज्याला कशाचीही किळस येत नाही असा. शब्द तरीही बिनचूक कळतो, कारण आपण तो फोड करून वाचत नाही.

मग ‘रूथ’चे मराठीकरण काय करावे? ‘दया’ मला पुरेशी वाटत नाही. दया करणारा बहुधा उंचावर उभा असतो; ती दाखवता येते, मागता येते, नाकारताही येते. ‘करुणा’ उदात्त आहे, पण तिच्यात खंत नाही. ‘अनुताप’मध्ये खंत आहे, पण दुसरा माणूस असेलच असे नाही. जवळचा वाटतो तो आपला घरगुती शब्द, ‘हळहळ’. हातची संधी गेली तरी हळहळ वाटते आणि शेजारचा तरुण मुलगा गेला तरी हळहळच. तिला अधिकाराची जागा लागत नाही. आपल्या हातून काही व्हायला हवे होते, ते झाले नाही, असा एक अस्फुट सूरही तिच्यात असतो. बुडालेल्या मित्राविषयीच्या त्या कवितेत मिल्टनला जे हवे होते ते याच्या जवळपासचे असावे, असे मला वाटते.

अडचण अशी की हा शब्दही आता आपल्या हातून निसटतो आहे. वृत्तपत्र उघडावे: मथळ्यात ‘निर्घृण हत्या’ आणि बातमीच्या शेवटी ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’. पहिला शब्द अजून अंगावर येतो. दुसरा साच्यातला झाला आहे. ती कोण व्यक्त करतो, कोणापाशी, हे वाक्यात कधीच नसते. ‘रूथ’ला फ्रेंच शब्दांनी बाजूला सारले होते. ‘हळहळ’ला कोणी स्पर्धक नाही, आपणच तिला कर्त्यावाचून वापरून झिजवीत आहोत. म्हणून वर्गात मी विद्यार्थ्यांना ‘रूथ’चा अर्थ सांगतो तेव्हा ‘हळहळ’ लिहायला सांगतो, आणि तिच्यामागे एक कर्ता घालून वाक्य करायलाही: मला हळहळ वाटली.