काळीज

मराठीत काळीज म्हटले की हृदय आठवते. पण खाटकाकडे कलेजी मागा, हाती पडते यकृत! हा घोटाळा मी वर्गात हसत सांगत असे. गेल्या वर्षी श्रावणात धाकट्या बहिणीने आपल्या यकृताचा उजवा, मोठा भाग मला दिला, आणि ते हसू मावळले.

तिच्याजवळ उरला लहानसा तुकडा. आतड्यांकडून येणारे रक्त मात्र तेवढेच. सगळे त्या तुकड्यातूनच वाहणार. तो लोंढा शिरांच्या भिंतींना घासतो, ताणतो, आणि पेशींना वाढीचा सांगावा मिळतो. लोंढा न झेपला तर तुकडाच बुडायचा! १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या उंदरांचे दोन-तृतीयांश यकृत कापले होते. थोड्याच दिवसांत ते भरून आले. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेलाच वाढतो.

डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवर यंत्र टेकवून आत लहर सोडली. ती जितकी वेगाने धावेल तितके यकृत टणक. "रक्त दाटलंय, म्हणून घट्ट आहे. होईल मऊ," ते म्हणाले.

भाऊबीजेला तिने मला ओवाळले. तबकात काय घालावे, मला सुचेना.

"दादा, साडीच दे," ती म्हणाली, "आदल्या वर्षीचीही राहिलीय."