पाठीला पाठ

आमच्या कोल्हापुरात कुस्ती आणि नाटक एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. हे मी अलंकारिक भाषेत बोलतो आहे असे कोणी समजू नये. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचामागची भिंत ओलांडली की पलीकडे खासबागेचे कुस्तीचे मैदान लागते. दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या हौसेतून उभ्या राहिल्या. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या प्रवासात रोममधले जुने प्रेक्षागार त्यांनी पाहिले, आणि आपल्या गावातही असे काही हवे असे त्यांच्या मनाने घेतले, असे जुनी माणसे सांगत. १९१२ साली मैदान झाले आणि १९१५ साली नाट्यगृह. त्या वेळी त्याचे नाव पॅलेस थिएटर असे होते.

आमच्या घराचीही रचना साधारण अशीच होती. आबा मैदानाचे आणि आई थिएटरची! आबांनी तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीचा वास आला की त्यांचे डोळे मिटत. खासबागेत कुठेही बसले तरी हौद्यातली कुस्ती सारखीच दिसते; पण आबांची पायरी ठरलेली असे. तिच्यावर दुसरा कोणी बसला तर त्या दिवशीच्या सगळ्या कुस्त्या त्यांना नुरा वाटत.

आईचे वेड वेगळे. मागच्या स्वस्त खुर्च्यांवर मला मांडीजवळ घेऊन ती बसे. पदरात चिरमुऱ्यांची पुडी असे. पण तिसरी घंटा झाली की चिरमुरे खाणे बंद. ‘आवाज होतो,’ ती म्हणे. केशवरावांना तिने पाहिलेले नव्हते. तिच्या जन्माआधीच ते गेले होते. पण तिच्या वडिलांनी त्यांच्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या, आणि त्या तिने मला सांगितल्या. कोल्हापूरच्या या मुलाने १९०८ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१ च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच ते वारले. वय एकतीस! एवढे सांगून झाले की आई डोळ्यांना पदर लावी, आणि आबा ओट्यावरून विचारीत, ‘‘कोन वारलं?’’

आबा नाट्यगृहाची पायरी कधी चढले नाहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते : ‘‘नाटकात मेलेला मानूस शेवटी उठून नमस्कार करतोय. कुस्तीत तसं न्हाई. पाठ लागली की लागली!’’

मी तालमीत जावे ही त्यांची इच्छा. दोन वर्षे मी गेलोही. मग कॉलेजात हौशी मंडळींच्या नादाने तोंडाला रंग लावला आणि लंगोट खुंटीला टांगला तो टांगलाच. आबा रागावले नाहीत. ते माझ्याशी बोलायचे थांबले. जेवायला बसले की ते आईला म्हणत, ‘‘त्याला भाकरी वाढ.’’ असे सात-आठ महिने गेले.

श्रावणात आमचे नाटक याच रंगमंचावर लागले. मला वीस-बावीस वाक्ये होती. पडदा वर गेला, समोर काळोख दिसला आणि माझे पाय थरथरू लागले. मग आईची मागची खुर्ची आठवली, आणि प्रत्येक वाक्य मी तिथवर पोचेल अशा बेताने बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीपाशी तोंड धूत होतो. आबा दातांना मिश्री लावत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आवाज पार मागं येत हुता तुझा.’’

मी चमकून विचारले, ‘‘आबा, तुम्ही आला होता?’’

‘‘कुस्त्या बघाय गेलतो. येताना जरा दारात हुबा ऱ्हायलो.’’

ऐन श्रावणात, कोसळत्या पावसात, उघड्या मैदानावर कुठल्या कुस्त्या? पण मी काही बोललो नाही. त्या दिवशी जेवताना आबा मला म्हणाले, ‘‘भाकरी घे की आनि.’’

पुढे आबा गेले, मागोमाग आई गेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसरे दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. रंगमंच जळाला, खुर्च्या जळाल्या, छप्पर कोसळले. माणसे रस्त्यावर उभी राहून घरचे कोणी गेल्यासारखी रडत होती. माझ्याने त्या दिवशी तिकडे जाववले नाही.

काही दिवसांनी गेलो तो खासबागेच्या बाजूने. पाऊस थांबला होता. आबांची पायरी शोधली आणि तिच्यावर बसलो. समोर नाट्यगृहाची पाठ काळी पडलेली. ओल्या मातीच्या वासात जळक्या लाकडाचा वास मिसळलेला होता. आई असती तर काय म्हणाली असती, हे मला ठाऊक होते. आबा काय म्हणाले असते, याचा विचार करीत मी बराच वेळ बसून राहिलो. दगडी भिंती उभ्या होत्या. मनात आले, आबा एवढेच म्हणाले असते : ‘‘पाठ कुठं लागलीया अजून?’’

नाट्यगृह पुन्हा उभे करायचे ठरले आहे. तिथे पहिली घंटा होईल त्या दिवशी मी तिकीट काढीन; पण खुर्चीवर बसणार नाही. पार मागे, दारात उभा राहीन. रंगमंचावर कोणी नवा, थरथरत्या पायांचा मुलगा असेल, तर त्याचा आवाज तिथवर येतो की नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.