हे सॉफ्टवेअर वापरतं कोण?

सप्टेंबर 2024 मध्ये नोएडाच्या ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीनं 70 रुपये भावानं शेअर विक्रीला काढले. रस्त्यांवरच्या वाहतुकीसाठी यंत्रणा बसवण्याचा तिचा धंदा. तिला हवे होते सुमारे 45 कोटी रुपये आणि मागणी आली 345 पटींहून जास्त. यातले 17 कोटी 70 लाख रुपये एक सॉफ्टवेअर विकत घेण्यासाठी लागणार आहेत, असं कंपनीनं माहितीपत्रकात लिहिलं होतं.

शेअरची नोंदणी व्हायच्या तोंडावर छोट्या गुंतवणूकदारांच्या एका संघटनेनं तक्रार केली. ज्या विक्रेत्याकडून हे सॉफ्टवेअर घेणार, तो आहे तरी कोण, असा त्या तक्रारीचा रोख होता. मुंबई शेअर बाजारानं नोंदणी थांबवली. विक्रेत्याच्या पत्त्यावर माणसं गेली, तर कार्यालयाला कुलूप. त्याच्या तीन वर्षांच्या ताळेबंदांवर एकाच दिवशी सह्या झाल्याचं चौकशीत निघालं. 3 डिसेंबर 2024 रोजी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ही विक्री रद्द करून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला सांगितलं.

त्या 345 पटींपेक्षा मला तो एक प्रश्न मोठा वाटतो. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ग्रे मार्केटचा, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत बाजारातला भाव पाहिला असेल. नोंदणीच्या दिवशी किती सुटतील याचा हिशोब केला असेल. पण 17 कोटी 70 लाखांची वस्तू कुणाकडून येणार, हे कुणीतरी पत्ता काढून बघायला हवं होतं. ते काम मोजक्या माणसांनी केलं आणि त्याचा लाभ सगळ्यांना झाला.

छोट्या कंपन्यांवरून होणारे वाद मी पुष्कळ वर्षं ऐकत आलो आहे. आमच्या बागेतल्या बाकांवर निवृत्त बँकवाले बसतात, औषधांचे दुकानदार येतात, हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारी तरुण मुलंही थांबतात. एखाद्या शेअरचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, "अहो, कंपनी आहेच केवढीशी! एक सरकारी ऑर्डर लागू द्या, मग बघा." दुसरा म्हणतो, "प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत, ते आधी वाचा." पहिला चिडतो. "तुम्हाला नेहमी वाईटच दिसतं." आणि चर्चा कंपनीवरून माणसावर घसरते.

यात लोभ असतो, पण मला त्याहून भीती जास्त दिसते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम ज्यानं त्या शेअरमध्ये घातली आहे, त्याला शंका ऐकणं सोसत नाही. घेण्याआधी तोच माणूस चार जणांना विचारत फिरतो. घेतल्यानंतर मात्र शंका काढणारा त्याला आपल्या पैशांवर उठलेला वाटतो. भाव उतरला की तो आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणतो आणि त्यालाच विश्वास म्हणतो. मला त्याच्याबद्दल कळवळा वाटतो. म्हणूनच वाटतं, त्याच्याशी वाद घालणारं कुणीतरी शेजारी असायलाच हवं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा वाद अधिकच अवघड होतो. साखर कारखान्याचं गोदाम उघडून पोती मोजता येतात. सॉफ्टवेअर दिसतं ते सादरीकरणाच्या पडद्यावर, आणि पडद्यावर सगळंच सुरळीत चालतं. शेत विकत घेणारा माणूस विहिरीला पाणी किती, हे पावसाळ्यात बघत नाही. तो वैशाखात जाऊन बघतो. सॉफ्टवेअरचा वैशाख म्हणजे गिऱ्हाइकाचं कार्यालय. तिथे ते रोज वापरात आहे का, हेच पाहायचं असतं.

बागेतला एक मुलगा स्वतः असंच सॉफ्टवेअर लिहितो. त्याचं बोलणं मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, "काका, त्यांच्याकडे तक्रारीचे फोन किती येतात ते विचारा. ज्याच्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही, ते कुणी वापरतही नसतं." पुढचा प्रश्न पैशाचा. गिऱ्हाइकानं पहिल्या वर्षी घेतलं, पण दुसऱ्या वर्षी देखभालीचा करार पुन्हा केला का? एकदा घेणारा उत्सुकतेपोटी घेतो, दुसऱ्यांदा पैसे मोजणारा गरजेपोटी.

ताळेबंदातही याच्या खुणा सापडतात. विक्री वाढली, पण गिऱ्हाइकांकडून येणं त्याहून वेगानं वाढलं, तर विक्री कागदावर झाली की हातात पैसे आले, हे तपासायला हवं. सॉफ्टवेअर तयार करायला लागणारे पगार काही अटींवर खर्चात न धरता मालमत्ता म्हणून दाखवता येतात. नियमात बसत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तीच मालमत्ता वर्षानुवर्षं ‘तयार होत’ राहिली आणि विक्रीला कधी आलीच नाही, तर दरम्यान दाखवलेला नफा कसला होता, हा प्रश्न उरतोच.

शंका घेणारे नेहमीच बरोबर ठरतात, असं मात्र नाही. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी दिलेल्या 10,000 रुपयांच्या भांडवलावर. 1993 मध्ये तिनं 95 रुपये भावानं शेअर विकायला काढले, तेव्हा पुरेसे अर्जसुद्धा आले नाहीत. मॉर्गन स्टॅनलीनं मोठा हिस्सा उचलला म्हणून ती विक्री पार पडली. त्या दिवसांत नकार देणाऱ्या कितीतरी शहाण्या माणसांना पुढे हळहळ वाटली असेल. तरी हे उदाहरण आंधळ्या विश्वासाच्या बाजूनं देता येत नाही. ती कंपनी बारा वर्षं काम करत होती आणि परदेशातली गिऱ्हाइकं तिला त्या कामाचे पैसे देत होती. ज्याला विचारायचं होतं, त्याला उत्तर मिळू शकत होतं.

त्यानंतर सातच वर्षांत उलटा अनुभव आला. 1999–2000 च्या तेजीत नावात ‘इन्फो’ किंवा ‘सॉफ्ट’ असलं की भाव चढत होता. शेअर दलाल केतन पारेख यांच्या मर्जीतले दहा शेअर ‘के-10’ म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांचा भरणा होता. 30 मार्च 2001 रोजी पारेख यांना अटक झाली. त्यांना कर्ज देणारी माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली आणि शेअर बाजाराचं तोंडही न पाहिलेल्या ठेवीदारांचे पैसे अडकले. आज नव्या धंद्याचं नाव लावू पाहणाऱ्या नोंदणीकृत कंपनीला मागच्या वर्षाच्या उत्पन्नातला किमान निम्मा वाटा त्या धंद्यातून आल्याचं किंवा मालमत्तेच्या किमान निम्मी रक्कम त्यात गुंतवल्याचं दाखवावं लागतं. अशा नियमांच्या मागे पोळलेल्या माणसांचा इतिहास असतो.

म्हणून छोट्या कंपनीत पैसे घालूच नका, असं मी कुणाला सांगणार नाही. नव्या माणसांनी नवं काही करायचं तर त्यांना भांडवल लागणार, आणि ते धोका पत्करणाऱ्यांकडूनच येणार. पण धोका पत्करणं वेगळं आणि न विचारता पैसे देणं वेगळं. चांगल्या प्रवर्तकाला प्रश्नांची भीती नसते, कारण त्याच्याजवळ दाखवायला गिऱ्हाईक असतं. प्रश्न बंद झाले की नुकसान त्याचंच होतं, कारण मग खरं काम करणारा आणि नुसतं बोलणारा बाजारात एकाच भावानं विकला जातो.

डिसेंबर 2024 च्या बैठकीत सेबीनं ठरवलं, की छोट्या कंपन्यांच्या माहितीपत्रकाचा मसुदाही 21 दिवस लोकांपुढे ठेवायचा आणि त्यावर सूचना मागवायच्या. हा हक्क आता आपल्याला मिळाला आहे. तो कागद जाडजूड असतो, भाषा रुक्ष असते. सगळा वाचायला जमला नाही, तर जमवलेले पैसे कशावर खर्च होणार, एवढं प्रकरण तरी वाचा. वस्तू कुणाकडून येणार आणि पुढे ती कोण वापरणार, हे शोधा. काही खटकलं तर घरी कुजबुजू नका, लेखी कळवा. आणि तुमच्या बैठकीत कुणी शंका काढली, तर त्याला गप्प बसवू नका.