नकाराच्या खालचा परिच्छेद

पॅरिसमधल्या सरकारी पत्रात मला सगळ्यात जास्त आवडतो तो तळाचा बारीक टाइपातला परिच्छेद. वर नकार, सही, शिक्का. आणि खाली लिहिलेलं असतं की निर्णय मान्य नसेल तर दोन महिन्यांच्या आत प्रशासकीय न्यायालयात दाद मागा, पत्ता अमुक. नकार देणाऱ्यानंच आपल्याविरुद्ध जायची वाट दाखवायची! ती दाखवली नसेल तर दोन महिन्यांची मुदत लागूच होत नाही. २०१६ पासून त्यालाही साधारण वर्षभराची मर्यादा आली. मला ते पटलेलं नाही. चूक कार्यालयाची, मग घाई नागरिकानं का करायची?

आपल्याकडचे कायद्याचे विद्यार्थी ब्रिटिश कायदेपंडित डायसी वाचतात. सरकारी माणसालाही साध्या न्यायालयातच खेचता आलं पाहिजे, असं त्यानं १८८५ साली मांडलं. फ्रान्सची वेगळी प्रशासकीय न्यायव्यवस्था त्याच्या मते कायद्याच्या राज्यात बसत नव्हती. त्याची शंका समजू शकते. १७९९ पासूनचं ‘कॉन्सेय देता’ आजही सरकारला सल्ला देतं आणि सरकारविरुद्धचे खटलेही चालवतं. पण याच संस्थेनं १९३३ मध्ये नव्हेरच्या महापौरांनी घातलेली व्याख्यानबंदी रद्द केली. गडबडीची भीती असेल तर पोलीस बंदोबस्त वाढवता आला असता, असं सांगून. १९६२ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचं लष्करी न्यायालय मोडीत काढलं. तिथल्या निकालावर अपिलाची सोयच नव्हती, आणि दाद मागायला आलेला माणूस मृत्युदंडाची शिक्षा झालेला होता.

मुंबईत सरकारी हुकमाविरुद्ध रिट करायचं म्हटलं की स्वतः उभं राहायची मुभा असूनही माणूस आधी वकील गाठतो आणि फीचा आकडा ऐकून निम्म्यातून परततो. पॅरिसमध्ये नुसता निर्णय रद्द करून हवा असेल तर पहिल्या पायरीवर वकील लागत नाही. साधा अर्ज पुरतो. डायसीनं गरीब अर्जदाराच्या बाजूनं पाहिलं असतं तर, मला वाटतं, त्याचं मत बदललं असतं.

मौनाला मात्र तळाचा परिच्छेद नसतो. रेसिडन्स कार्डाच्या अर्जावर प्रेफेक्चरनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या कार्यालयानं, चार महिने काहीच कळवलं नाही, तर सहसा तो नकारच समजतात. अशा वेळी नुसती वाट पाहू नका. दाद मागायच्या मुदतीतच नकाराची कारणं लेखी मागा. ती महिन्याभरात द्यावी लागतात. न दिल्यास तेवढ्यावरही तो नकार बेकायदा ठरतो. पत्र रजिस्टरनंच पाठवा, पोचपावती फाइलला लावा आणि पत्राची एक प्रत घरी ठेवा.