शेगावची कचोरी, जरा जास्तच तिखट

वीकेंडला शेगाव? मग दर्शनानंतर कचोरी मस्ट! सोबत तळलेली मिरची आणि क्रिकेटच्या गप्पा. टपरीवरच्या काकांना विचारलं, सगळ्यात जास्त कोणती हार लागली?

"कायले आठवण देता भाऊ! १९९६, ईडन गार्डन." श्रीलंकेविरुद्धची वर्ल्डकप सेमीफायनल. १ बाद ९८ वरून थेट ८ बाद १२०! पब्लिकने बाटल्या फेकल्या, खेळ थांबला, मॅच श्रीलंकेला बहाल. कांबळी रडत परतला.

काकांच्या भाच्याची जखम २००३ची, पाँटिंगच्या नाबाद १४०ची. माझी अर्थातच १९ नोव्हेंबर २०२३. सलग १० विजय, आणि फायनलला हेडचे १३७. (दुसऱ्या दिवशी आख्खं ऑफिस मुकं!)

काकांवर ढिम्म परिणाम नाही. "तुमची मॅच पुरी तं झाली. आमचा कांबळी नॉटआउट होता ना बाप्पा!"